चांदणीचं चुकलेलं घर

आमच्या कळंबोलीच्या मंडळीला, म्हणजे आमच्या छोट्याशा चर्चला, मी मनातल्या मनात नापास करून टाकलं होतं. लोखंड बाजारात एका गाळ्याच्या वर भाड्याचा हॉल, खाली ट्रकमधून पत्रे उतरवण्याचा धडधडाट, आणि वर रविवारच्या उपासनेला आम्ही मोजकी डोकी. तरी मी दर रविवारी लवकर जाऊन हॉलभर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायचे. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या सुनंदाबाई मला चिडवायच्या, "अगं, खुर्च्यांना बाप्तिस्मा देणार आहेस का?" मला हसू यायचं नाही. पनवेलला नवीन मोठी मंडळी सुरू झाली होती. तिथे एसी, पडद्यावर गाण्यांचे शब्द, गर्दी एवढी की गाडी लावायला जागा नाही. आमची दोन कुटुंबं तिकडे गेली, तेव्हा पाळकसाहेबांनी सरळच सांगितलं, नाताळपर्यंत बघू, माणसं वाढली नाहीत तर हॉल सोडून देऊ. माझ्या लेकीचं लग्न त्या हॉलमध्ये लागलं, नवऱ्याची शेवटची उपासना तिथेच झाली. हॉल सुटणार म्हणजे माझं दुसरं माहेरच तुटणार असं मला वाटलं. मी रोज गुडघे टेकून एकच मागत होते, "प्रभो, या खुर्च्या भर." दुसरं काही मला सुचतच नव्हतं.

डिसेंबरात रोडपालीला नवीन राहायला आलेल्या एका ख्रिस्ती कुटुंबाचा मला फोन आला. कॅरलला, म्हणजे नाताळची गाणी गायला, आमच्याकडे या, म्हणाले. घरात आजी, मुलगे, सुना, नातवंडं. मी तर फोन ठेवायच्या आधीच त्यांना पहिल्या रांगेत बसवूनही टाकलं! पत्ता विचारला तर म्हणाले, "गावात शिरलात की डाव्या हाताला, दारात चांदणी लावलीय, लगेच ओळखाल." आमच्यात रीतच आहे तशी. कॅरलच्या दिवसांत दारात कागदी चांदणी दिसली की ते घर आपलं, बेधडक शिरायचं आणि गायला लागायचं. दार उघडायची वाटसुद्धा बघायची नाही.

संध्याकाळी आम्ही गिटार आणि डफ घेऊन निघालो. गावात शिरताच एका बैठ्या घराच्या ओटीवर चांदणी लटकलेली दिसली. जरा फिकट आणि धुळकट होती, पण चांदणीच. गाताना फोन बंद ठेवायचा हा माझाच नियम, म्हणून मी फोन बंद केला आणि सूर लावला. दुसरं कडवं संपेपर्यंत दारात एक म्हातारी काकी येऊन उभी राहिली. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. सुनंदाबाईंनी मला कोपर मारलं, पण माझ्या तोवर लक्षात आलं होतं. ती चांदणी दिवाळीचा कंदील होता! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माफी मागून वळणार, तर काकीच म्हणाल्या, "आमी किरिस्ताव नाय गो. पन गाना थांबवू नको. आतमदी या."

आत खाटेवर काका पडून होते. ऐन दिवाळीत त्यांना लकवा झाला, तेव्हापासून कंदील उतरवायला कुणाला सुचलंच नव्हतं. पूर्वी ते गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. मंडळातली माणसं सुरुवातीला येऊन गेली, मग यायची थांबली. काकी सांगत होत्या, "बोलत नाय, जेवत नाय, भिताडाकडं त्वांड करून पडलेलं." आम्ही पुन्हा गायला लागलो. दुसऱ्या गाण्याला काकांनी तोंड फिरवलं. डाव्या हाताची बोटं खाटेच्या कडेवर हलायला लागली, आणि तो ठेका आमच्या डफापेक्षा चोख होता. काकी पदर तोंडात धरून रडत होत्या. निघताना म्हणाल्या, "त्यांना बरा वाटला. पुढल्या गुरुवारी परत या." मी येते म्हटलं.

बाहेर येऊन फोन चालू केला, तर त्या कुटुंबाचे कितीतरी कॉल येऊन गेलेले. मी फोन करून हजारदा माफी मागितली. रविवारी ते लोक पनवेलच्या मोठ्या मंडळीत गेले आणि तिथलेच झाले. मी प्रभूवर अक्षरशः चिडले. खुर्च्या भर म्हटलं, आणि तू मला भलत्याच दारात नेऊन उभं केलंस?

गुरुवारी मी गेले ती केवळ शब्द दिला होता म्हणून. दारातूनच टाळ ऐकू आले. आत भजनी मंडळ बसलं होतं! काकींनी गावात सगळ्यांना सुनावलं होतं, "किरिस्तावांची लोकं चुकून येऊन गाऊन गेली, आनि तुमाला वाट ठावी असून तुमी येत नाय?" काकांना उशीला टेकवून बसवलं होतं आणि मृदंग त्यांच्या डाव्या हाताशी होता. एका आजोबांनी सरकून मला सतरंजीवर जागा करून दिली. तिथे खुर्ची नव्हतीच. मांडी घालून बसले आणि मला रडू कोसळलं. इतकी वर्षं मी माणसांना बसवायला जागा मांडत होते, आणि प्रभू मला बसायला जागा करून देत होता.

नवीन वर्षात हॉल सोडला. किल्ली मीच दिली, रडले, पण भांडले नाही. आता रविवारी सुनंदाबाईंच्या घरी जमतो. माणसं तेवढीच आहेत. काकांचा उजवा हात अजून उचलला जात नाही. कुणी आम्हाला यशस्वी मंडळी म्हणणार नाही, आणि म्हणावं असं मलाही आता वाटत नाही. प्रभू कुठे पाठवतो ते त्याने बघावं, आपण दारात उभं राहून गावं, एवढंच आपल्या हातात आहे असं मला वाटतं.

या नाताळात पुन्हा रोडपालीत गेलो. ओटीवर चांदणीचा कंदील, कोरा करकरीत. मी म्हटलं, "काकी, दिवाळी होऊन किती दिवस झाले, अजून उतरवला नाहीत?"

"उतरवलेला गो," काकी म्हणाल्या, "काल परत लावला. नायतर तुमी बरोबरच्या घरी जाल ना!"

आम्ही चपला काढल्या आणि आत गेलो. प्रभूचे उपकार.