बिनकामाची बटणं

कीबोर्डला आमच्या भावोजींइतकं छळणारा माणूस रेवदंड्यापासून अलिबागपर्यंत शोधूनही सापडणार नाही, आणि सापडलाच तर कृपा करून मला सांगू नका. एकालाच सांभाळता सांभाळता मी थकलोय. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान थळच्या बाजूला एका कारखान्यात पंपांची देखभाल करायचे. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला निघतात, भावोजींनी जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स टाकून घेतलं. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "हितं कुणी अडवणारा न्हाय. पायजे त्या बटणाला पायजे ते काम लावता येतं."

बिनकामाचं बटण त्यांना बघवतच नसे. बोटीवर नोकरीला असलेल्या शेजाऱ्याने त्यांना एक जपानी कीबोर्ड आणून दिला, त्याच्या स्पेसबारच्या दोन्ही बाजूंना आपल्याला न वाचता येणारी बटणं होती. भावोजी एकेक दाबून बघत. पडद्यावर त्या बटणाचा नंबर उमटला की खूश होऊन म्हणत, "याला नंबर हाय. म्हंजे जिवंत हाय." मग त्याला काम नेमायचं. एक बटण भरती-ओहोटीच्या वेळा दाखवू लागलं, दुसरं पंचांग. कॅप्स लॉकवर तर खास राग. "मराठीत मोठी अक्षरं असतात काय रं? मंग याला एवढी मोक्याची जागा कशाला?" त्याला त्यांनी भाषा बदलायच्या कामाला जुंपलं. त्यात समुद्राच्या खाऱ्या हवेने एखादं बटण गंजून मेलं की त्याचं काम शेजारच्याकडे जाई, आणि फावल्या वेळात सगळ्यांची फेरवाटणी होई. छापलेल्या अक्षराचा आणि उमटणाऱ्या अक्षराचा काही संबंधच उरला नव्हता. ताई वैतागून म्हणायची, "लेकीला दोन ओळी लिवायच्या, तर आधी यांना इचारायचं, आज 'क' कुठं ऱ्हातो."

माझा लॅपटॉपही त्यांनी सोडला नाही. साहेबांबरोबर ऑनलाइन मीटिंग चालू असताना मी आवाज कमी करायचं बटण दाबलं आणि लॅपटॉपच झोपी गेला. फोन करून ओरडलो, तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "आवाज गेला ना? मंग झालं तर." अशा माणसाशी भांडायला अंगात जोर लागतो, आणि तो माझ्यात कधीच नव्हता.

मग ताईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. तिला सगळं कळायचं, पण जिभेवर काही येत नव्हतं. डाव्या हाताने पेन धरलं की नुसत्या रेघोट्या उमटत. कीबोर्डच्या उजव्या टोकाला हात न्यायला गेली की तोल जायचा. आता आपली ताई पुन्हा कधी बोलणार नाही, या विचाराने मी पार खचलो होतो. भावोजी मात्र कीबोर्ड घेऊन बसले. अंगठ्याने स्पेसबार दाबून धरला की उजवीकडची अक्षरं डाव्या बोटांखाली यावीत, अशी त्यांनी व्यवस्था केली. तिचा निर्जीव हात चुकून पडला तर घोळ नको म्हणून उजवी बाजू बंदच करून टाकली. ताई रोज थोडं थोडं शिकत होती. एका दुपारी पडद्यावर तिची पहिली ओळ आली: "वालाच्या बिरड्यात मीठ न्हाय."

भावोजी आनंदाने ओरडले, "बोलली रं तुझी ताई!" आणि मिठाचा डबा आणायला उठले. पुढे दोन वर्षं ताई त्या कीबोर्डवर भरपूर बोलली, त्यातलं निम्मं भावोजींना रागावणं होतं.

ताई आता नाही. परवा गेलो तेव्हा भावोजी लेकीला लिहीत होते, उजवा हात मांडीवर ठेवून, एकट्या डाव्या हाताने. मी म्हटलं, "भावोजी, आता तरी उजवी बाजू चालू करा. किती त्रास करून घेताय!"

"ऱ्हाऊ दे रं," ते म्हणाले. "तिची बोटं बसलीत याच्यावर."

मी कीबोर्डकडे बघत राहिलो. अर्धा कीबोर्ड मुका होता. इतकी बटणं बिनकामाची पडली होती, आणि ती मलाच बघवेनात.