फॉल लावणारी मुलगी

२१ नोव्हेंबर. मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नात नेसायची साडी आणायला लखनौच्या निशातगंजमधल्या मॅचिंग सेंटरमध्ये गेले. तिथे फॉल लावणारी मुलगी नेपाळची आहे. इथे नर्सिंग शिकते आणि फी स्वतः कमावून भरते. फॉल भिजवून वाळवल्याशिवाय ती सुई उचलत नाही, कारण कोरा फॉल पहिल्याच धुण्यात आटतो आणि साडीला चुण्या पडतात. बोलतानाही तिचा टाका थांबत नाही.

माझा फॉल अजून ओलाच होता.

“दूसरा कोरा लगा दे, आँटी को कल शादी में जाना है,” दुकानदार म्हणाला.

“नहीं भैया, साड़ी खराब होगी.”

“तो कल सुबह आकर लगा.”

“कल मेरा पेपर है.”

“फिर परसों से भी मत आना.”

तिने मान वर केली नाही. “पेपर तो दूँगी,” म्हणाली आणि हातातला टाका पुरा केला.

मला तिचा रागच आला होता, साडी मला उद्याच हवी होती. पण इतकं चोख काम मी लखनौत दुसरीकडे पाहिलेलं नाही.

“भैया, मेरी साड़ी परसों चलेगी,” मी म्हणाले, “लेकिन फॉल यही लगाएगी.”

२२ नोव्हेंबर. सकाळी मी कपाटातली जुनी हिरवी साडी इस्त्री केली आणि तीच नेसून लग्नाला गेले.