वडिलांचं चिन्ह आणि काकांचा माणूस

माझे शिक्षक वडील आयुष्यभर एकाच चिन्हाला मत देत आले. लष्करातून निवृत्त झालेले काका मात्र त्या चिन्हाविरुद्ध लढणाऱ्या आमदारांना द्यायचे. विश्रामबागेत दोघांची घरं शेजारी. दर निवडणुकीत दोघं कुंपणावरून भांडायचे आणि निकालानंतर आठवडाभर अबोला धरायचे.

मागच्या विधानसभेला आमदारांनी ऐनवेळी पक्ष बदलला, आणि वडिलांचं चिन्ह नेमकं काकांच्या माणसाला मिळालं. काका सकाळीच पेपर घेऊन आले.

"आवं दादा, आता काय करणार तुमी?"

"मी चिन्ह सोडणार नाही. तू?"

"मी माणूस सोडत न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदाच दोघांचं मत एक झालं, आणि ते दोघांनाही मुळीच आवडलं नाही.

मतदानाला मीच त्यांना गाडीतून शाळेत नेलं. बोटाला शाई लावून बाहेर आल्यावर वडिलांनी विचारलं, "दिलंस?"

"दिलं. तुमी?"

"दिलं. पण बटण दाबताना हात अडखळला रे."

"माझा बी," काका म्हणाले. "लय जड गेलं."

आमदार भरघोस मतांनी निवडून आले. गल्लीत गुलाल उधळला, तेव्हा विजयी पक्षाच्या या दोन्ही मतदारांनी दारं लावून घेतली होती. पुढे कितीतरी दिवस दोघं एकमेकांशी फार सभ्यपणे बोलत राहिले. शेवटी शेवग्याच्या शेंगांवरून कडाक्याचं भांडण झालं, आणि आईनं निवांतपणे चहा टाकला.