भुतांच्या ओळीतला ऑर्विल

लोकांना वाटतं, बास्केटबॉल म्हणजे उड्या, घाम आणि टाळ्या. खुळे आहेत, झालं. खरा खेळ मैदान रिकामं झाल्यावर सुरू होतो. जूनच्या शेवटी, पिट्सबर्गमधल्या एका ऑफिसात, जिथे खिडकी उघडत नाही आणि एसी बंद होत नाही. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोणाला किती वर्षं बांधून घ्यायचं हे तिथे ठरतं. रिव्हरमेन संघात हे सगळं निस्तरायचं काम कित्येक वर्षं मार्लीन चेस्लाककडे होतं. साहेब आले, साहेब गेले, मार्लीन आपली तिथेच.

साठी उलटलेली, ठेंगणी, तोंडाने फटकळ बाई. नवरा पोलाद कारखान्यात होता, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. मोठमोठे एजंट फोनवर खेळाडूंची वकिली करायला लागले की ती म्हणायची, "गाणं झालं असेल तर आकडा बोला." सगळे तिला टरकून असत. पण एक नाव निघालं की या बाईची बोलती बंद व्हायची.

ते नाव फळ्यावर होतं. ऑफिसच्या भिंतीवर एक पांढरा लोखंडी फळा, त्यावर खेळाडूंच्या नावांच्या चुंबकाच्या पट्ट्या. मधोमध जाड काळी रेघ. रेघेच्या वर नांदते खेळाडू. रेघेच्या खाली, ज्यांचा करार संपला पण ज्यांच्यावरचा हक्क संघाने सोडलेला नाही, असे. या खालच्या पट्ट्यांना ऑफिसात सगळे भुतांची ओळ म्हणत.

भानगड अशी की लीगने प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा घातलेली आहे. करार संपला म्हणून खेळाडूची जागा मोकळी होत नाही. तो दुसऱ्या संघात जाईपर्यंत, नाहीतर 'आम्ही याच्यावर पाणी सोडलं' असं संघ कळवेपर्यंत, त्याचा आकडा तुमच्या डोक्यावर बसून राहतो. संघ मर्यादेच्या वरच असेल तर त्या आकड्याने कोणाचं काही बिघडत नाही. म्हणून कोणी तो काढायच्या फंदात पडत नाही. माणूस म्हातारा होतो, जाडा होतो, कुठे गाड्या विकायला लागतो, पण नाव ओळीत तसंच. मेला तरी तसंच.

या वर्षी मात्र दोन बडे करार एकदम संपले होते. संघ मर्यादेखाली उतरणार होता आणि साहेबांना सोबाच नावाचा सात फुटी खेळाडू हवा होता. साहेब म्हणजे ब्रॅडन क्विल. चौतिशीचा, इतका घाईत असलेला माणूस की जेवतानाही फोन बघत चावायचा.

"मार्लीन, भुतं हाकला आता," तो म्हणाला. "पाचही. सोबाचच्या एजंटला एक जुलैला उत्तर हवंय. जागा दिसली नाही तर तो दुसरीकडे जाईल आणि मी घरी."

"चार आजच हाकलते. पाचव्याचं जरा थांबा."

"का? कोण आहे पाचवा?" तो फळ्यापाशी गेला. "टिब्स. हा कुठे असतो हल्ली?"

"हिल डिस्ट्रिक्टच्या पलीकडे. दफनभूमीत."

क्विलला हसू आलं. मग ती हसत नाहीये हे बघून त्याने तोंड आवरलं. "मग तर सोपंच आहे की."

"तुम्हाला सोपं आहे. त्याच्याशिवाय नाही भागत?"

"सगळ्यांत मोठा आकडा त्याचाच आहे, मार्लीन. तीस तारखेच्या आत काढा."

तीस तारखेला फोन येणार होता.

ऑर्विल टिब्स त्याच गावचा. टेकडीवर हिल डिस्ट्रिक्ट, तिथे त्याचं घर. टेकडीखाली पोलिश हिल, तिथे मार्लीनचं. दोन्ही वस्त्यांना जोडणारा सिमेंटचा उंच जिना मार्लीनच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला घासून जातो. शाळेत होता तेव्हापासून ऑर्विल पहाटे त्या जिन्यावर धावत खाली-वर फेऱ्या मारायचा. पुढे रिव्हरमेनमध्ये आला, गाडी आली, पैसा आला, तरी जिना सुटला नाही. वर चढताना तिच्या खिडकीवर टकटक करायचा.

"उठा मार्लीनबाई, ऑफिस बुडालं."

"मेल्या, काच फोडशील," ती आतून ओरडायची. ही शिवी पुढे तिच्या तोंडून कधी निघाली नाही.

मग गुडघा गेला. करार संपला तेव्हा जुन्या साहेबांनी, गॅलघरांनी, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुझ्यावरचा हक्क आम्ही सोडत नाही, पोरा." प्रत्येक जाणाऱ्याला असं म्हणायची त्या ऑफिसची रीतच होती. तोंडदेखलं बोलणं ते. समजणारे समजायचे, हसून हात मिळवायचे आणि दुसरीकडे पोटापाण्याचं बघायचे. ऑर्विलने ते खरं धरलं. त्याचे डोळे भरून आले. मार्लीन शेजारीच उभी होती आणि ती गप्प बसली.

पुढे एका संघाने त्याला विचारलं. पैसे बेताचे, बाकावर बसून राहायचं, पण काम होतं. ऑर्विल नाही म्हणाला. तिकडे सही केली की रिव्हरमेनच्या फळ्यावरून नाव उतरतं, एवढा नियम त्याला बरोब्बर कळला होता. फळ्यावर नाव असणं म्हणजे कोणी वाट बघत असणं नव्हे, हे तेवढं कळलं नव्हतं. शाळेने मुलांना शिकवायला बोलावलं. तेही नको. ऐन हंगामात बोलावणं आलं तर?

दर वर्षी तीस जूनला, संध्याकाळच्या सुमाराला, तो ऑफिसात फोन करायचा.

"मार्लीनबाई, मी आहे ना अजून?"

"आहेस."

"मग झालं. साहेबांना सांगा, गुडघा एकदम झकास आहे."

एका वर्षी तिने मनाशी पक्कं केलं की आज सांगून टाकायचं. फोन आला. ती तोंड उघडणार तोच मागून त्याच्या आईचा आवाज आला, "काय म्हणतात?" आणि मार्लीन काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "आहे, आई. आहे." मार्लीनने शब्द गिळले. त्यानंतर तिला ते कधी जमलंच नाही.

मागच्या वर्षीच्या जानेवारीत जिन्यावर बर्फाचा कडक थर होता. मार्लीनने कॉफी ठेवली होती. टकटक झाली, पावलं वर चढत गेली. उतरणारी पावलं काही आली नाहीत. तिला वाटलं, आज एकाच फेरीत घरी गेला असेल. ती कॉफी प्यायली, डबा भरला, कामावर गेली. तो वरच्या वळणावर पडलेला होता.

अंत्यविधीला ती, तिकडच्या रीतीप्रमाणे, कोबी-नूडल्सचं मोठं भांडं घेऊन गेली. चर्चमध्ये ऑर्विलची आई, अर्नेस्टीन टिब्स, पाद्रीबाबांना ठणकावून सांगत होती, "पूर्वी खेळायचा असं म्हणू नका. माझा मुलगा रिव्हरमेनचा आहे. विचारा या बाईंना." सगळ्या माना मार्लीनकडे वळल्या.

"आहे," मार्लीन म्हणाली. त्या वर्षी तीस जूनला फोन आईने केला, "अजून आहे ना?" आणि मार्लीनने तेच उत्तर दिलं.

त्याआधीच, वसंतात, पावलं सुरू झाली होती.

पहाटे कॉफी ठेवायच्या वेळेला. एक हलकं, एक जड, एक हलकं, एक जड. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाची चाल ती, मार्लीनने झोपेतही ओळखली असती. खिडकीवर टकटक मात्र होत नसे. पावलं वर जायची, वळणापाशी थांबायची, आणि मग काहीच नाही. उतरताना कधीच नाही. पहिल्या खेपेला तिने दिवा लावून खिडकीतून पाहिलं. जिना कोरडा, रिकामा. दुसऱ्या खेपेला तिने पाहिलं नाही. रेडिओ मोठ्याने लावून पाहिला, तर पावलं रेडिओच्या खालून ऐकू यायला लागली. तिने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बहिणीने डॉक्टरकडे ओढलं असतं आणि क्विलने सक्तीची सुट्टी दिली असती. तिला भीती वाटायची आणि एखाद्या पहाटे पावलं आली नाहीत तर त्याचीही भीती वाटायची.

अठ्ठावीस तारखेला ऑफिसातून सुटल्यावर ती टेकडी चढून अर्नेस्टीनबाईंकडे गेली. जिन्याने नाही, रस्त्याने. घराचं दार सताड उघडं होतं. शेजारीण पायरीवर बसली होती, ती म्हणाली, "सरळ आत जा. हे दार हिवाळ्यातही असंच असतं. सांगून सांगून थकलो."

अर्नेस्टीनबाई पंचाहत्तरीच्या. आयुष्यभर इस्पितळाच्या स्वयंपाकघरात राबलेल्या. त्यांनी बर्फ घालून गोड चहा पुढे ठेवला.

"आजवर फोनवर भागत होतं," त्या म्हणाल्या. "स्वतः आलात म्हणजे काहीतरी वाईटच आहे."

"नाव काढावं लागणार आहे," मार्लीन म्हणाली.

"कोणासाठी?"

"सोबाच म्हणून आहे एक. उंच आहे."

"खेळतो बरा?"

"बरा खेळतो."

म्हातारीने ग्लासावरचं पाणी बोटाने पुसलं. "एक विचारते, खरं सांगा. माझ्या पोराला ते कधी बोलावणार होते का?"

मार्लीनला वाटलं, पुन्हा एकदा खोटं बोलावं आणि पळून जावं. जीभ तयारच होती. पण त्या उघड्या दाराकडे तिचं लक्ष गेलं आणि जमेना.

"नाही," ती म्हणाली. "कधीच नाही."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं."

"पहिल्या दिवसापासून."

बाहेर शेजारीण कोणाला तरी हाका मारत होती.

"शाळेतली मुलं त्याच्यावर जीव टाकायची," अर्नेस्टीनबाई म्हणाल्या. "तुम्ही एक शब्द बोलला असतात ना, तर आज तो त्यांच्यावर ओरडत असता. पोट सुटलं असतं त्याचं. त्या जिन्याकडे फिरकलाही नसता."

मार्लीनला रडू फुटलं. लाजेने तिला मान वर करवेना. "माझं चुकलं," ती म्हणाली, "मला माफ..."

"राहू द्या. माफी मला मागू नका." म्हातारी पुढे झुकली. "तो तुमच्याकडे येतो ना?"

मार्लीनने ग्लास खाली ठेवला.

"माझ्याकडे येत नाही," अर्नेस्टीनबाई म्हणाल्या. "दार उघडं टाकून बसते मी, रोज. त्याचे वडील आले होते. माझी बहीण आली होती. आपली माणसं गेल्यावर निरोप घ्यायला येतात आमच्यात. हा एकटा आला नाही. मी म्हटलं, हा अडकलाय कुठेतरी. कोणीतरी बोलावेल म्हणून उभा आहे. येतो ना?"

"येतो," मार्लीन म्हणाली. "जिन्यावर. वळणापर्यंत."

"मग त्याला सांगा. मला येऊन सांगितलंत तसंच, तोंडाने. वाट बघायला तुम्ही लावलंत, सोडवायचंही तुम्हीच."

दुसऱ्या दिवशी मार्लीनने लीगला कळवलं. पट्टी फळ्यावरून निघेना, इतकी वर्षं चिकटून बसली होती. नखाने उचकटावी लागली. तिच्याखाली फळा पांढराशुभ्र होता, बाकी सगळीकडे पिवळट. क्विल मागून म्हणाला, "शाब्बास," आणि फोनवर बोलत निघून गेला. तिने पट्टी पर्समध्ये टाकली. संघातून गेलेल्या माणसाची पट्टी ती त्याच्या घरी पोचवायची, ही तिची स्वतःची रीत होती. ही एकच राहिलेली.

तीस तारखेच्या पहाटे तिने कॉफी ठेवली नाही. नवऱ्याचा जुना कोट नाइटगाऊनवर चढवला, पट्टी घेतली आणि जिन्यावर जाऊन उभी राहिली. खाली नदीवर धुकं होतं. आणि पावलं आली. एक हलकं, एक जड. तिच्या अंगावरून गेली, कोटाची कडा हलली, दिसलं कोणीच नाही. वळणापाशी थांबली.

मार्लीन वळणापर्यंत चढली.

"ऑर्विल," ती म्हणाली, "नाव काढलं रे मी काल. तू नाहीस आता तिथे. कधी नव्हतासच. कोणी वाट बघत नव्हतं, बाबा. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही, कारण तू एवढा खूश व्हायचास." तिला धाप लागली. "ऑफिसातून काही बोलावणं यायचं नाही. तू घरी जा. आई दार उघडं टाकून बसलीये."

तिने पट्टी वळणावरच्या पायरीवर ठेवली. बराच वेळ काही नाही. जून असूनही ती थंडीने कुडकुडायला लागली. मग वरच्या पायरीवर एक पाऊल वाजलं. मग आणखी एक. एक हलकं, एक जड, वळणाच्या पुढे, वर, हिल डिस्ट्रिक्टच्या दिशेने, ऐकू येईनाशी होईपर्यंत.

संध्याकाळी ऑफिसात धांदल होती. सोबाच येणार हे पक्कं झालं होतं, कोणीतरी पिझ्झा मागवला होता, क्विल पहिल्यांदाच फोन खाली ठेवून खात होता. मार्लीन फोनसमोर बसून होती. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. ठरवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

नेहमीच्या वेळेला फोन वाजला.

"मार्लीन चेस्लाक," ती म्हणाली.

पलीकडे म्हातारीचा श्वास ऐकू येत होता. तिने नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

"दार लावून घेतलं मी आज," अर्नेस्टीनबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.