एका बटणाचं काम

"एवढं कशाला लिवतोस, भावा?" आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या माणसाचं हे ठरलेलं वाक्य. कुणी लांबलचक कमांड टाईप करताना दिसलं की ते मागे येऊन उभे राहायचे आणि मान हलवायचे.

आमचं काम राधानगरीकडच्या दूध संस्थांचे सर्व्हर सांभाळायचं. तिकडे पावसात लाईन तुटते, आणि तुटली की कमांडच्या काळ्या पडद्यावर चाललेलं काम पुन्हा पहिल्यापासून. या जुन्या गड्यानं त्यावर तोड काढली होती. लाईन गेली तरी काम सर्व्हरवर चालूच राहायचं. नुसतं ‘चल’ टाईप केलं की सगळ्या खिडक्या सोडल्या जागी पुन्हा उघडायच्या, ‘थांब’ म्हटलं की मिटायच्या. कोल्हापूरचा सर्व्हर दमात घेतल्याशिवाय ऐकायचा नाही, असं आम्ही म्हणायचो.

पुढे त्या शब्दांचं एकेकच अक्षर उरलं. टपरीवर आम्ही त्यांना आळशी म्हणून छेडायचो. "व्हय, हायच की आळशी," म्हणून तेही हसायचे. चहाचा ग्लास मात्र दोन्ही हातांनी धरायचे.

बोटांतली ताकद जात चालली होती. नसांचा आजार होता आणि तो बरा होणारा नव्हता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ऑफिसात समजलं तर काम काढून घेतील, या भीतीने ते गप्प राहिले होते. बोटं थकतील तशा कमांड आखूड करत गेले. शेवटी एन्टरसुद्धा लागू नये अशी सोय केली. एक बटण दाबलं की झालं.

मग तेही होईना. ते घरी बसले आणि दिवाळीच्या आधी गेले.

वहिनी मंगळवार पेठेतून नवऱ्याचा स्वेटर आणि डबा न्यायला आल्या. काम झेपत नाही, एवढंच त्यांनी घरी सांगितलं होतं. असं कसलं अवघड काम होतं, असं वहिनींनी विचारलं. मी वहिनींना त्यांच्या खुर्चीवर बसवलं आणि बटण दाखवलं.

"हे एवढंच दाबायचं?"

"व्हय, वहिनी."

त्यांनी बोट टेकवलं. खिडक्या पटापट उघडत गेल्या, पण वहिनींनी पडद्याकडे पाहिलंच नाही. बोट तसंच बटणावर ठेवून त्या म्हणाल्या, "लई हलकं हाय की हे."