स्वयंपाकिणीचा आवाज

माझी माय जनकाबाई. डोणगावच्या शाळेत तिनं बावीस वर्षं पोरांसाठी खिचडी शिजवली. अक्षरओळख नाही, पण ऐकायची हौस दांडगी. शाळा सुटली की मला चुलीपाशी बसवून हाती येईल ते मोठ्यानं वाचायला लावायची. धडा संपला तर जुना पेपर, पेपर नसला तर तेलाच्या पिशवीवरचा मजकूर. अडखळले की म्हणायची, पुन्हा वाच. माझी वाणी तिनं अशी घडवली, आणि मी शहाणी! बुलढाण्याला कॉलेजात शिकवायला लागले तशी तिचीच बोली जिभेवरून खरवडून टाकली.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं एका जुन्या रशियन कादंबरीच्या मराठी ऑडिओबुकसाठी माझा आवाज निवडला. मित्राचा घात केलेला एक सभ्य गृहस्थ, आणि पाचशे पानं झाली तरी त्याच्या तोंडून कबुली काही निघत नाही. वाचताना मला त्याचा भारी राग यायचा. बोल की रे एकदाचं, किती जीव खाशील! रेकॉर्डिंग माझ्या बुलढाण्याच्या घरीच केलं. आवाज घुमू नये म्हणून दारं-खिडक्यांवर मायनं शिवलेल्या गोधड्या टांगल्या. माय तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती. मी वाचत असले की बाहेर खोकलासुद्धा पदरात दाबायची.

कादंबरीत एक स्वयंपाकीण होती. बडबडी, भोळसट, सगळ्यांच्या चेष्टेचा विषय. तिचं बोलणं सपक वाटायला लागलं, तेव्हा मी ते मायच्या बोलीत म्हटलं. तेच शब्द, तोच हेल. पुण्याचे निर्माते खूश. फोनवर हसत हसत त्यांनी विचारलं, ही बाई सापडली कुठं तुम्हाला? मी म्हटलं, "आमच्या गावात आहे एक बाई."

माय दाराबाहेर तूर निवडत बसली होती. 'माझी आई' एवढे दोन शब्द म्हणायचे होते, तेही माझ्याच्यानं निघाले नाहीत. जीभ कशी झडली नाही माझी!

पुस्तक आलं तेव्हा मी डोणगावला गेले. मायनं शेजारच्या कलाबाईला बोलावलं आणि आवाज मोठा यावा म्हणून मोबाइल स्टीलच्या पातेल्यात ठेवला. स्वयंपाकीण बोलायला लागली तशी कलाबाई पोट धरधरून हसली. माय हसली नाही.

"समता, बाकीचे सारे तुह्यासारखे बोलून राह्यले," ती म्हणाली. "हे एकटीच माह्यासारखी काऊन?"

तुझं बोलणं मला आवडतं म्हणून, असं काहीबाही मी पुटपुटले. ते खोटं नव्हतं, पण खरंही अर्धंच होतं. मायचा चेहरा मात्र उजळला.

"मंग पुण्याच्या सायबाले सांगतलं ना, माह्या मायचा आवाज हाये म्हणून?"

"हो," मी म्हटलं.

आता मी डोणगावला असताना घरी कोणी आलं की ती मला तेवढाच भाग लावायला सांगते. पदर सारखा करून पातेल्याजवळ सरकते आणि पाहुण्याला बजावते, "ऐका, आता मी बोलतो."

पाहुणे हसतात. ती कौतुकानं माझ्याकडे बघते, आणि मी चहा टाकायला म्हणून आत निघून जाते.