संचातला दुसरा प्रोग्रॅम

बारामतीच्या दूध संघाच्या ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा मला काम शिकवलं ते तात्यांनी. जळोचीहून सायकलवर येणारी, आमच्या घरातली पहिली नोकरदार बाई मी. साहेबांशी कसं बोलावं तेही कळायचं नाही. तात्या संघाचे तक्ते करायचे. कुठल्या गावातून किती दूध आलं, फॅट किती लागलं, ते मोठ्या कागदावर पट्टीनं ओळी आखून मांडायचे. त्यांचा तक्ता कुणी पुन्हा तपासत नसे.

नव्वदचं दशक अर्धं सरलं असेल, तेव्हा ऑफिसात कॉम्प्युटर आला. पुण्याच्या विक्रेत्यानं दोन पर्याय ठेवले. नुसता लिहिण्याचा प्रोग्रॅम घ्या, नाहीतर अख्खा संच: लिहिणं, तक्ते, शिवाय सभेत दाखवायची चित्रं. पुढं एकेक सुटा घ्याल तर फार महाग पडेल, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. साहेबांना पत्रांपुरतंच हवं होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"बाई, चालवणार तुम्ही. काय घेऊ?"

पलीकडच्या टेबलावर तात्या ओळी आखत होते. मी नुकताच कॉम्प्युटरचा वर्ग केला होता आणि मला सगळंच हवं होतं.

"संच घ्या, साहेब. तक्ते आज ना उद्या लागतीलच."

तात्या मान वर न करता म्हणाले, "घ्या की. मलाबी जरा इसावा."

एकामागून एक फ्लॉप्या घालण्यात विक्रेत्याची दुपार गेली. मराठी अक्षरं त्या संचात नव्हतीच, ती निराळी मागवावी लागली. पण तक्ते होते. महिन्याभरात गावांची यादी मी आत भरली आणि बेरजा आपोआप व्हायला लागल्या.

तात्यांनी शिकायचा प्रयत्न केला. जेवणाच्या सुट्टीत माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसायचे. माउस धरला की बाण भलतीकडंच पळायचा. "हितं दाबू?" असं दर वेळी विचारायचे. मलाही मग कंटाळा यायला लागला. एक-दोनदा मी सरळ त्यांच्या हातातून माउस काढून घेतला. त्यानंतर ते आले नाहीत.

वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी छापलेला तक्ता त्यांनी सवयीनं हातानं जुळवून पाहिला आणि माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले, "पोरी, माळेगाव बेरजंत न्हाय."

खरंच नव्हतं. ती ओळ मी मागाहून घातली होती, बेरीज मात्र वरच्या ओळीपर्यंतच थांबत होती. मी घाईनं दुरुस्त करून पुन्हा छापलं. सभेत साहेबांनी तक्ता उंच धरला. "यंत्र आहे, चुकत नाही," ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्या मागच्या रांगेत होते. मी गप्प बसले.

पुढच्याच महिन्यात त्यांची बदली झाली. इंदापूरच्या शीतकरण केंद्रावर, येणाऱ्या कॅनची नोंद करायला. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि घर बारामतीत. साहेब मला म्हणाले, "आता तक्त्यांना वेगळा माणूस कशाला?" तेव्हाही बोलता आलं असतं.

सहा-सात महिन्यांनी मी एसटीनं इंदापूरला गेले. तात्या केंद्राच्या दारात लोखंडी खुर्चीवर बसले होते, पायाशी ओली फरशी. अंगानं वाळले होते. त्यांनी चहा मागवला, आईची चौकशी केली.

मी म्हटलं, "तात्या, ती चूक तुम्ही काढली, हे मी साहेबांना सांगायला हवं होतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "व्हय," म्हणाले. "सांगायला पायजे व्हतं."

रागानं नाही. पण 'जाऊ दे' असंही ते म्हणाले नाहीत. तेवढ्यात दुधाचा टेम्पो आला आणि ते वही घेऊन उठले. मी बराच वेळ थांबले. कॅनमागून कॅन उतरत होते, नोंदी संपेनात. शेवटी लांबूनच "येते" म्हटलं. त्यांनी ऐकलं की नाही, कुणास ठाऊक.